थायरॉईड वाढलाय, छातीत धडधडतंय, जीव घाबरा होतोय: हे हृदयाचं दुखणं, मनाचं की हार्मोन्सचं?

रात्रीचे अडीच वाजलेत. पंखा पाचवर आहे, तरी उशी घामाने ओली झालीये. डाव्या कुशीवर वळलं की हृदयाचा ठोका थेट गादीतून ऐकू येतोय. मनगटावरचं स्मार्टवॉच ११४ दाखवतंय. तुम्ही धावलेला नाहीत, कोणाशी भांडलेला नाहीत, वाईट स्वप्नही पडलेलं नाही. हातात फोन आहे आणि सर्चमध्ये टाईप होतंय, 'हार्ट अटॅकची लक्षणं'.

सकाळी आई म्हणते, "अगं, टेन्शन किती घेतेस? तो मोबाईल ठेव बाजूला, लागेल झोप." ऑफिसात मैत्रीण म्हणते, "किती बारीक झालीस गं! डाएट सांग ना." तुम्ही तर उलट दुप्पट जेवताय. दोन-तीन महिने असेच जातात. मग कोणीतरी डॉक्टर रक्ताची एक तपासणी लिहून देतात आणि रिपोर्टवर येतं, टीएसएच ०.०१ पेक्षा कमी. निदान होतं, हायपरथायरॉईडीझम.

खरं तर इथे सुटल्यासारखं वाटायला हवं. पण अनेकांची खरी घालमेल निदानानंतरच सुरू होते. गोळ्या सुरू झाल्या तरी धडधड थांबत नाही, हात थरथरतात, आणि आता गुगल करायला आजाराचं नावही मिळालेलं असतं. निदान झालंय पण बरं वाटलेलं नाही, अशा या मधल्या काही आठवड्यांत शरीरात काय चालू असतं, तेच या लेखात समजून घेऊया.

टीएसएच कमी आलाय, मग थायरॉईड जास्त कसा?

आपल्याकडे 'मला थायरॉईड आहे' असं म्हणायची पद्धत आहे. थायरॉईड सगळ्यांनाच असतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या थोडं खाली असलेली ती फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. तिने काम कमी केलं तर हायपो, जास्त केलं तर हायपर. बहुतेकांच्या ओळखीत हायपोवालं कोणी ना कोणी असतं. त्यामुळे 'माझ्या जावेलापण थायरॉईड आहे, ती सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेते, तूपण घे' असे सल्ले सर्रास मिळतात. ती गोळी म्हणजे थायरॉक्सिन. हायपरच्या पेशंटने ती घेणं म्हणजे आगीत तेल.

रिपोर्ट वाचताना होणारा गोंधळ सोडवायचा तर तुमच्या सोसायटीची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. पंप म्हणजे थायरॉईड ग्रंथी. टाकीतलं पाणी म्हणजे टी-३ आणि टी-४ ही हार्मोन्स. टाकी रिकामी व्हायला लागली की वॉचमन ओरडतो, "पंप चालू करा!" हा वॉचमन म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी आणि त्याचा आवाज म्हणजे टीएसएच. टाकी भरून वाहायला लागली की वॉचमन गप्प बसतो. म्हणून हायपरमध्ये टी-३, टी-४ वर जातात आणि टीएसएच जवळपास शून्यावर येतो. एरवी तो साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असतो.

मग वॉचमन गप्प असूनही पंप चालू का? सगळ्यात जास्त वेळा आढळणारं कारण म्हणजे ग्रेव्ह्ज डिसीज. यात शरीराची प्रतिकारशक्ती अशा अँटिबॉडीज तयार करते, ज्या टीएसएचची नक्कल करून पंपाचं बटण दाबून धरतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार कितीतरी पट जास्त दिसतो. दुसरं कारण ग्रंथीतल्या गाठी, ज्या कोणाचंही न ऐकता हार्मोन बनवत राहतात. तिसरं कारण थायरॉयडायटिस, म्हणजे ग्रंथीला आलेली सूज. यात पंप जास्त चालत नाही, टाकीलाच तडा जातो आणि साठवलेलं हार्मोन एकदम बाहेर पडतं. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत किंवा एखाद्या व्हायरल तापानंतर असं होऊ शकतं. हा प्रकार बहुधा काही आठवडे ते महिन्यांत आपोआप ओसरतो आणि त्यात हार्मोन बनणं थांबवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग नसतो. म्हणून 'मला हायपर कशामुळे झालंय?' हा डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न. त्यासाठी अँटिबॉडीची रक्ततपासणी किंवा थायरॉईड स्कॅन करतात.

आणखी एक गोष्ट, जी रील्स बघणाऱ्यांनी नक्की वाचावी. केसांसाठी म्हणून ज्या बायोटिनच्या गोळ्या आणि गमीज विकल्या जातात, त्यांतल्या बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे काही लॅबमधल्या तपासणीत गफलत होते. टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो, म्हणजे कागदावर हुबेहूब हायपर. हे घेत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बंद ठेवा. वजन कमी करायच्या काही 'नॅचरल' पावडरींमध्ये आणि समुद्री शेवाळाच्या सप्लिमेंटमध्ये भरपूर आयोडीन असू शकतं. तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

हा आजार ओळखला गेला तोच धडधडीमुळे

रॉबर्ट ग्रेव्ह्ज हे डब्लिनचे डॉक्टर. १८३५ मध्ये त्यांनी काही बायकांच्या केसेस मांडल्या. त्यांची मुख्य तक्रार होती जोरदार आणि बराच काळ टिकणारी धडधड, आणि सगळ्यांच्या गळ्याला सूज होती. १८४० मध्ये जर्मनीतल्या मेर्सेबुर्ग गावच्या कार्ल फॉन बासेडो यांनी गळ्याची सूज, बाहेर आलेले डोळे आणि धडधड अशी तीन लक्षणं एकत्र बांधली. जर्मनीत आजही या आजाराला बासेडोचंच नाव आहे.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं. मे १९९१ मध्ये जॉर्ज बुश (थोरले) कॅम्प डेव्हिडला जॉगिंग करत असताना त्यांना दम लागला. तपासल्यावर हृदयाचे ठोके अनियमित निघाले. डॉक्टरी भाषेत एट्रियल फिब्रिलेशन. जगभर बातमी झाली ती राष्ट्राध्यक्षांच्या हृदयाची. काही दिवसांत कळलं की मूळ दुखणं थायरॉईडचं आहे, ग्रेव्ह्ज. योगायोग बघा, त्यांच्या पत्नी बार्बरा यांनाही आधीच ग्रेव्ह्ज झालेला होता. बुश यांना किरणोत्सारी आयोडीन देण्यात आलं आणि ते कामावर परतले. जगातल्या सगळ्यात कडक वैद्यकीय देखरेखीखाली असलेल्या माणसाचंही निदान ठोके बिघडल्यावर झालं. मग तुमच्या फॅमिली डॉक्टरांना पहिल्या फेरीत ते सुचलं नसेल, तर फार राग धरू नका.

पण हृदय का धावतं?

टी-३ हे हार्मोन थेट हृदयाच्या पेशींवर काम करतं. ठोक्यांचा वेग ठरवणारी यंत्रणा ते जलद करतं आणि ठोक्याचा जोरही वाढवतं. दुसरीकडे शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, त्वचेकडे जास्त रक्त जातं आणि हृदयाला जास्त रक्त ढकलावं लागतं. आपल्याला वाटतं अंगात अ‍ॅड्रेनालिन उसळलंय. प्रत्यक्षात हायपरच्या पेशंटमध्ये त्याचं प्रमाण साधारणपणे वाढलेलं नसतं. हृदय मात्र त्याला जास्त जोरात प्रतिसाद देतं.

आता मेंदूच्या बाजूने विचार करा. तो शरीराचे सिग्नल सतत वाचत असतो. ठोके जलद, हात थरथरणारे, अंग गरम, श्वास वरवरचा. त्याच्या अनुभवात ही सगळी लक्षणं धोक्याची आहेत. समोर वाघ नाही, बॉसही नाही, तरी तो निष्कर्ष काढतो की काहीतरी भयंकर होणार आहे. मग खरी भीती येते, भीतीने ठोके आणखी वाढतात आणि वाढलेले ठोके बघून भीती वाढते. शिवाय हे हार्मोन झोप आणि मूड यांवरही परिणाम करतं. त्यामुळे 'सगळं तुझ्या मनात आहे' हे जितकं चुकीचं, तितकंच 'मनाचा काही संबंध नाही' हेही चुकीचं.

निव्वळ अँक्झायटी आणि थायरॉईडची धडधड यांत काही फरक असतात. अँक्झायटीत गाढ झोपेत नाडी बहुधा खाली येते, थायरॉईडमध्ये झोपेतही चढलेली राहते. घाबरलेल्या माणसाचे तळवे गार आणि ओलसर असतात, थायरॉईडवाल्याचे गरम आणि ओलसर. भूक असून वजन उतरणं, इतरांना गारवा वाटत असताना आपल्याला उकडणं, दिवसातून तीन-चारदा शौचाला होणं, पाळी कमी जाणं, जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणं, ही यादी थायरॉईडकडे बोट दाखवते. अर्थात दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि बऱ्याचदा असतातच.

गोळ्या सुरू केल्या, मग अजून धडधड का?

बहुतेकांना दोन प्रकारच्या गोळ्या मिळतात आणि त्यांचं काम वेगळं असतं हे नीट सांगायला ओपीडीत वेळ नसतो.

पहिली बीटा ब्लॉकर. प्रोप्रानोलॉल, अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल. ही हृदयाला लगाम घालते. प्रोप्रानोलॉलचा परिणाम तास-दोन तासांत जाणवतो, थरथर आणि धडधड उतरते. पण आजार ती बरा करत नाही. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं, कारण श्वासनलिका आकुंचन पावू शकतात. डायबेटिसवाल्यांमध्ये साखर कमी झाल्याची धडधड ही गोळी झाकून टाकू शकते. आणि बरं वाटलं म्हणून मनानेच एकदम बंद करू नका, ठोके उसळी मारतात.

दुसरी कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल. मेडिकलमध्ये निओमर्काझोल या नावाने अनेकांनी पाहिली असेल. ही नवीन हार्मोन बनणं रोखते. पण टाकीत आधीच साठलेलं पाणी? ते वापरून संपावं लागतं. रक्तातलं टी-४ निम्म्यावर यायलाच साधारण एक आठवडा लागतो आणि ग्रंथीतला साठा कित्येक आठवडे पुरतो. म्हणून खरा फरक दिसायला तीन ते आठ आठवडे लागतात. दहाव्या दिवशी धडधड होतेय म्हणजे औषध लागू पडत नाही, असं नाही. तसंच टी-४ नॉर्मल आल्यावरही टीएसएच काही महिने तळाला राहू शकतो. वॉचमनला जाग यायला वेळ लागतो. त्या एका आकड्याकडे बघून घाबरून जाण्यात अर्थ नाही.

या दुसऱ्या गोळीबद्दलची एक सूचना मात्र फ्रिजवर चिकटवून ठेवा. हजारात दोन ते पाच जणांमध्ये ती पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणते, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. ताप आला, घसा दुखला, तोंडात फोड आले तर 'व्हायरल असेल' म्हणून क्रोसीन घेऊन झोपू नका. गोळी थांबवा, त्याच दिवशी सीबीसी करा आणि डॉक्टरांना फोन करा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तरीही तेच. मूल होऊ द्यायचा विचार असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर लगेच सांगा, कारण पहिल्या तिमाहीत औषध बदलावं लागू शकतं.

हे सहा-आठ आठवडे काढायचे कसे?

माझ्या एका मावशीला ग्रेव्ह्ज झाला तेव्हा तिने दिवसाला चाळीसेक वेळा नाडी बघायला सुरुवात केली होती. स्वयंपाक करताना दोन बोटं मनगटावर. डॉक्टरांनी तिला एक वही घालून दिली. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी, पाच मिनिटं शांत बसून, पूर्ण एक मिनिट मोजायचं आणि लिहायचं. मधल्या वेळेत बघायचं नाही. पहिले चार दिवस तिला ते जमलं नाही. पण तिसऱ्या आठवड्यात १०८, १०४, ९८, ९६ अशी उतरती ओळ तिला स्वतःच्याच अक्षरात दिसली, आणि आमच्या कुठल्याही समजावण्यापेक्षा त्या ओळीने तिला जास्त धीर दिला. स्मार्टवॉच वापरत असाल तर हार्ट रेटचं सततचं नोटिफिकेशन बंद करा, पण बोटांनी नाडी बघायला शिका. ठोके फक्त जलद आहेत की वेडेवाकडे पडतायत, हे बोटांना चांगलं कळतं.

चहा-कॉफी हा आपल्याकडे भावनिक विषय. पूर्ण सोडा असं नाही म्हणत, पण दिवसाचे पाच कप असतील तर एक-दोनवर या आणि संध्याकाळचा बंद करा. एनर्जी ड्रिंक आणि जिममधलं प्री-वर्कआउट मात्र सरळ बाजूला ठेवा. सर्दीच्या गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारी जी द्रव्यं असतात, तीसुद्धा ठोके वाढवतात. मेडिकलवाल्याला 'थायरॉईड वाढलाय, हृदय जोरात चालतं' असं सांगूनच औषध मागा. सिगारेट ओढत असाल तर सोडण्याचं याहून मोठं कारण सापडणार नाही, कारण धूम्रपानाने ग्रेव्ह्जचा डोळ्यांवरचा त्रास बळावतो.

व्यायामाचं काय? हार्मोन्स आटोक्यात येईपर्यंत धावणं, एचआयआयटी, जड वजनं नकोत. सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्या वेगाने चालणं बहुतेकांना झेपतं, तरी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. प्राणायामाबद्दल घरचे आग्रह करतीलच. त्यात कपालभाती, भस्त्रिका असे जलद श्वासाचे प्रकार तूर्तास टाळलेले बरे. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, हातापायाला मुंग्या येतात, चक्कर येते, आणि आधीच घाबरलेल्या माणसाला तेवढंही पुरतं. उलट करा. चार मोजेपर्यंत नाकाने श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. श्वास सोडताना ठोका किंचित मंदावतो, म्हणून सोडणं लांबवायचं. याने टी-३ कमी होणार नाही. पण त्यावर चढलेला भीतीचा थर उतरतो.

भीतीची लाट येते तेव्हा मनातल्या मनात वाक्य बदलून बघा. 'मला काहीतरी होतंय' ऐवजी 'हार्मोन जास्त आहे, म्हणून हृदय पळतंय, माझा ईसीजी झालाय, गोळी चालू आहे.' हे फक्त दिलासा देण्यासाठी नाही, ती वस्तुस्थिती आहे. पण त्यासाठी ईसीजी खरंच झालेला असायला हवा. झाला नसेल तर मागून घ्या. ठोके मध्येच चुकत असतील तर डॉक्टर चोवीस तासांचं होल्टर आणि टू-डी इको सांगू शकतात.

आणि घरात सांगा. या काळात चिडचिड होते, रडू येतं, कढईचा आवाजसुद्धा सहन होत नाही. नवऱ्याला, सासूबाईंना किंवा रूममेटला हा आजाराचा भाग आहे हे माहीत असलं तर निम्मी भांडणं टळतात.

कधी वाट बघायची नाही?

हायपरथायरॉईडच्या साधारण १० ते १५ टक्के लोकांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन होतं, वय वाढेल तसं जास्त. ठोक्यांना ताल उरत नाही, हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. हार्मोन आटोक्यात आल्यावर अनेकांचा ताल पुन्हा जागेवर येतो, पण तोवर रक्त पातळ करायचं औषध लागेल का, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

म्हणून छातीत दाबल्यासारखं दुखणं, शुद्ध हरपणं, बसल्याबसल्या किंवा आडवं झाल्यावर धाप लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यांपैकी काहीही झालं तर हा लेख बंद करा आणि १०८ ला फोन लावा. खूप ताप, शांत बसूनही १४० च्या वर नाडी, उलट्या-जुलाब आणि असंबद्ध बडबड असं एकत्र दिसलं तर तो थायरॉईड स्टॉर्म असू शकतो. तो क्वचित होतो, पण जिवावर बेततो. एखादं इन्फेक्शन, ऑपरेशन किंवा मनाने बंद केलेल्या गोळ्या हे त्याचं निमित्त असतं.

रिपोर्ट नॉर्मल आला, भीती मात्र गेली नाही

याबद्दल फार कमी बोललं जातं. हार्मोन जागेवर आल्यावर बहुतेकांची अँक्झायटी ओसरते, पण सगळ्यांची नाही. काही महिने शरीराने रोज धोक्याची घंटा वाजवलेली असते. मेंदूने तो धडा पाठ केलेला असतो. मग जिना चढल्यावर वाढलेला साधा ठोकाही घाबरवतो, माणूस लिफ्ट शोधतो, एकटं बाहेर जाणं टाळतो. नाडी ७६ असूनही असं होत असेल तर कार्बिमाझोलचा डोस वाढवून काही होणार नाही. त्यासाठी सीबीटीसारखी थेरपी आहे, गरज पडली तर औषधं आहेत. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाईनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

ग्रेव्ह्जमध्ये गोळ्या साधारण १२ ते १८ महिने चालतात. त्या बंद केल्यावर जवळपास निम्म्या लोकांमध्ये आजार परततो, बहुधा पहिल्या वर्षात. तेव्हा ऑपरेशन किंवा किरणोत्सारी आयोडीन हे पर्याय समोर येतात. आयोडीनचं नाव ऐकून लोक दचकतात, पण हा उपचार १९४१ पासून वापरात आहे आणि मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये कित्येक दशकांपासून दिला जातो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना तो देत नाहीत. त्यानंतर बहुतेकांची ग्रंथी मंदावते आणि मग सकाळी उपाशीपोटी ती थायरॉक्सिनची गोळी खरोखरच घ्यावी लागते, कायमची.

मावशीच्या गोळ्या बंद होऊन दोन वर्षं झाली. वही अजून आहे, पण आता त्यात महिन्याच्या पहिल्या तारखेला एकच आकडा असतो. तो ९० च्या वर सलग राहिला तर टीएसएच करायचा, असं तिचं आणि डॉक्टरांचं ठरलंय.